रेघ कुठे द्यायची? : डच नामप्रत्यय आणि शब्दांची फोड

वेंगुर्ल्याच्या डच वखारीविषयी मी बारा वर्षांपूर्वी एका छोट्या मासिकात लेख लिहिला होता. त्यात एक वाक्य होते : 'त्या हंगामात वेंगुर्ल्यास अनेक व्यापारी जहाजे लागली.' लेखाचे कौतुक झाले. एका प्राध्यापकांनी तर हे वाक्य आपल्या व्याख्यानात माझ्या नावासह सांगितले. मी सभागृहात मागच्या रांगेत बसून ते ऐकले आणि मनोमन सुखावलो.

वाक्य चुकीचे होते. जहाजे अनेक नव्हती, एकच होते. अनेक होता तो त्यातला माल. आणि माझी चूक इतिहासाच्या ज्ञानात झाली नव्हती, ती एका आडव्या रेघेत झाली होती. त्या रेघेचा पाठपुरावा करता करता डच भाषेचा एक कोपरा मला थोडाफार कळला. तो या लेखाचा विषय आहे.

आधी माझी बाजू सांगतो. मी विद्यापीठातला माणूस नाही. शिक्षण वाणिज्य शाखेचे. पुढे छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून वीस वर्षे काढली. कोकणच्या किनाऱ्यावरच्या परदेशी वखारींचा नाद लागला तो सुट्ट्यांमधल्या भटकंतीतून. डच, म्हणजे आपल्या जुन्या कागदांतले वलंदेज, १६३७च्या सुमारास वेंगुर्ल्यास स्थिरावले. गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला ही जागा सोयीची होती. त्यांच्या कागदांत गावाचे नाव 'विंगुर्ला' असे येते. हे कागद वाचायचे तर डच यायला हवी, म्हणून चाळिशी उलटल्यावर जुन्या बाजारातून एक प्राथमिक पुस्तक आणि एक खिशातला शब्दकोश घेऊन घरीच शिकू लागलो.

कंपनीच्या नोंदींच्या छापील आवृत्तीतल्या काही पानांच्या झेरॉक्स मला मिळाल्या होत्या. एका पानाची शेवटची ओळ 'कोपमन' या शब्दावर संपत होती. पुढच्या पानाच्या आरंभी होते 'स्खपे'. कोपमन म्हणजे व्यापारी, हे कोशात सापडले. 'स्खपे' काही सापडेना. 'स्खप' म्हणजे फळी, कपाटाचा खण, एवढेच होते. ते इथे बसत नव्हते. जहाजाला डचमध्ये 'स्खिप' म्हणतात आणि त्याचे अनेकवचन 'स्खेपे' होते, हे मला ठाऊक होते. सतराव्या शतकातले लेखन अनियमित असते, हेही ठाऊक होते. मी दोन्ही जोडले : व्यापाऱ्यांची जहाजे. मूळ पानावर 'कोपमन'च्या पुढे एक छोटी आडवी रेघ होती. झेरॉक्स काढताना पानाची कड कापली गेली आणि तिच्याबरोबर ती रेघही गेली. ते दोन शब्द नव्हतेच. 'कोपमनस्खपे' हा एकच शब्द होता आणि त्याचा अर्थ 'व्यापाराचा माल'. 'स्खप' हा प्रत्यय होता, आपल्या 'पणा'सारखा, 'की'सारखा. मी प्रत्ययाला शब्द समजलो होतो.

एक चिन्ह, दोन नावे

आपण मराठीत जिला संयोगचिन्ह म्हणतो त्या रेघेला डच भाषेत दोन नावे आहेत. दोन शब्द जोडायला ती वापरली की 'कोपलटेकन', म्हणजे जोडणारी खूण. ओळीच्या शेवटी शब्द मावला नाही आणि तो तोडावा लागला की तीच रेघ 'अफब्रेकटेकन' होते, तोडणारी खूण. छापखान्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे फार पटते.

शब्द तोडायचा तर कुठे? उत्तर सोपे वाटते : उच्चाराचा एक झटका जिथे संपतो तिथे. या झटक्याला मराठीत अक्षर म्हणतात, पण लिपीतल्या खुणेलाही आपण अक्षरच म्हणतो. घोटाळा टाळण्यासाठी मी इथे 'उच्चारखंड' म्हणेन. डच शब्द आहे 'लेटरग्रेप'. 'ग्रेप' म्हणजे पकड, मूठ. अक्षरांची एक मूठ! ग्रीकमधल्या मूळ शब्दाचा अर्थही 'एकत्र धरलेले' असाच आहे. डच शाळांत लहान मुले टाळ्या वाजवून शब्दातल्या मुठी मोजायला शिकतात.

आता वाचकांना एक विनंती. डच शब्द मी जवळपासच्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत देतो आहे. जिथे रोमन स्पेलिंगचा प्रश्न येईल तिथे अक्षरांची इंग्रजी नावे सांगेन. काही डच ध्वनी आपल्याकडे नाहीत. तेवढी सूट द्यावी.

मान आणि मन

डच लेखनाची किल्ली दोन शब्दांत आहे. 'मान' म्हणजे चंद्र आणि 'मन' म्हणजे पुरुष. पहिल्यातला स्वर दीर्घ, म्हणून स्पेलिंगमध्ये दोन 'ए'. दुसऱ्यातला ऱ्हस्व, म्हणून एक 'ए'. इथवर सरळ आहे.

आता अनेकवचन करू. अनेकवचनाचा प्रत्यय 'एन'. बोलताना त्यातला शेवटचा न बहुधा गळतो. चंद्र अनेक झाले की 'माने'. उच्चाराचे खंड पडतात मा-ने. पहिला खंड स्वरावर संपला, म्हणजे उघडा राहिला. उघड्या खंडातला स्वर दीर्घच वाचायचा असा डच संकेत आहे, म्हणून आता दोन 'ए'ची गरज नाही. एक गळतो. पुरुष अनेक झाले की 'मने'. इथे एकच न लिहिला तर खंड उघडा पडेल आणि वाचणारा 'माने' वाचेल. म्हणून न दोनदा लिहितात, पहिला न खंडाचे दार लावतो, आणि फोड होते मन-ने. उच्चार मात्र एकाच नचा. आपण 'अन्न' म्हणताना नवर जसे रेंगाळतो तसे डच माणूस रेंगाळत नाही. दुसरा न कानासाठी नसून डोळ्यांसाठी आहे.

काही डच शाळांत मुलांना हे गोष्टीरूपाने सांगतात. दीर्घ स्वराचे एक अक्षर पळवणारा तो 'लेटरडीफ', अक्षरचोर. व्यंजन दुप्पट करणारा तो 'लेटरझेटर'. हा शब्द वाचून मी हसलो, कारण लेटरझेटर म्हणजे छापखान्यात खिळे जुळवणारा कंपॉझिटर!

मराठी वाचकाला अक्षरचोर अनोळखी नाही. 'मूल' लिहिताना दीर्घ ऊकार आणि 'मुलाला' लिहिताना ऱ्हस्व. 'वीट' पण 'विटेचा'. 'दूध' पण 'दुधात'. प्रत्यय लागला की आधीचा दीर्घ ऱ्हस्व होतो, हा नियम पाठ करताना पिढ्यानपिढ्या मुले रडली आहेत. फरक एवढाच की डच शब्दात स्वर उच्चारात दीर्घच राहतो, फक्त लिहिताना निम्मा होतो. म्हणजे डच लेखनात उच्चारखंड कुठे संपतो हे कळल्याशिवाय साधे अनेकवचनही लिहिता येत नाही. शब्दाची फोड ही तिथे केवळ ओळ जुळवण्याची सोय नाही. स्पेलिंगचा पायाच ती आहे.

याला एक अडचण येते ती पाहण्याजोगी आहे. 'सी-एच' ही जोडी मिळून एकच घशातला 'ख' होतो. ती दुप्पट करता येत नाही, कारण चार अक्षरांचा ढीग होईल. मग 'लखे' (हसणे) या शब्दात स्वर ऱ्हस्व असूनही खंड उघडा दिसतो. आणि 'गोखेलार' (जादूगार, डच उच्चारात आरंभीचा गही घशातलाच) या शब्दात उलट, खंड उघडा असूनही दोन 'ओ' ठेवावे लागतात, नाहीतर तो ऱ्हस्व वाचला जाईल. नियम जिथे वाकतो तिथेच त्याचा हेतू कळतो : वाचणाऱ्याची फसगत होऊ नये.

दोन जातींचे प्रत्यय

आता नामप्रत्ययांकडे येऊ. धातूपासून किंवा विशेषणापासून नाम बनवणारे डच प्रत्यय बरेच आहेत. माझ्यासारख्याने ते पाठ करायला घेतले तेव्हा अर्थाप्रमाणे गट केले : भाववाचक, कर्तृवाचक, लघुत्ववाचक. त्याने फार फायदा झाला नाही. फायदा झाला तो वेगळ्या, अगदी बाळबोध वाटणाऱ्या वर्गवारीने. प्रत्ययाचा आरंभ व्यंजनाने होतो की स्वराने?

व्यंजनाने सुरू होणारे : 'हैट' (व्रैहैट, स्वातंत्र्य, वारहैट, सत्य), 'स्खप' (व्रींटस्खप, मैत्री), 'डॉम' (रैकडॉम, श्रीमंती), 'ते' (झीकते, आजार), 'निस' (केनिस, ज्ञान), 'सल' (फूटसल, अन्न), स्त्रीकर्तृवाचक 'स्टर'. स्वराने सुरू होणारे : 'इंग' (वोनिंग, राहते घर), कर्तृवाचक 'अर' आणि 'आर' (बकर, पाव भाजणारा, लेरार, शिक्षक), 'ऐ' (बकरै, बेकरी), स्त्रीवाचक 'इन'.

पहिल्या जातीचे प्रत्यय मूळ शब्दाला धक्का लावत नाहीत. मूळ शब्द जसाच्या तसा उभा राहतो, प्रत्यय शेजारी येऊन बसतो, आणि फोड दोघांच्या मधोमध पडते : वार-हैट, व्रींट-स्खप, झीक-ते. दुसऱ्या जातीचे प्रत्यय आल्याबरोबर मूळ शब्दाचे शेवटचे व्यंजन आपल्याकडे ओढतात. 'वोन' म्हणजे राहणे. त्याला 'इंग' लागला की फोड वोन-इंग अशी होत नाही, वो-निंग होते. न प्रत्ययाच्या घरी गेला, पहिला खंड उघडा पडला, आणि अक्षरचोराने एक 'ओ' नेला. 'रेखेर' (राज्य करणे) पासून रे-खे-रिंग, म्हणजे सरकार. 'लेर' (शिकणे, शिकवणे) पासून ले-रार.

असे का होते? तोंडाला उच्चारखंडाची सुरुवात व्यंजनाने झालेली आवडते. प्रत्ययाचे स्वतःचे व्यंजन असेल तर तो स्वतंत्र बसतो. नसेल तर शेजाऱ्याकडून उसने घेतो.

ही केवळ स्पेलिंगची गंमत नाही, हे एका जोडीवरून लख्ख दिसते. 'स्ख्रैफ' म्हणजे लिही. त्याला 'अर' लावला की लेखक : स्ख्रै-व्हर. 'स्टर' लावला की लेखिका : स्ख्रैफ-स्टर. धातू तोच, पण लेखकात 'व्ह' आणि लेखिकेत 'फ'! कारण डच भाषेत उच्चारखंडाच्या शेवटी मृदू व्यंजन टिकत नाही, कठोर होते. लेखिकेत ते व्यंजन खंडाच्या शेवटी अडकले म्हणून कठोर झाले. लेखकात ते पुढच्या खंडाच्या आरंभी गेले म्हणून मृदू राहिले. तसेच 'व्रींट' म्हणजे मित्र. लिहिताना त्याच्या शेवटी 'डी' असतो, बोलताना ट ऐकू येतो. मैत्रीत, व्रींट-स्खपमध्ये, तो टच राहतो. मैत्रिणीत, व्रीन-डिनमध्ये, त्याला स्वराचा प्रत्यय मिळतो आणि मूळचा ड परत येतो. विक्रेता फर-को-पर, एका 'ओ'चा. विक्रेती फर-कोप-स्टर, दोन 'ओ'ची. एका जोडीत व्यंजन बदलते, दुसरीत स्वराचे लेखन. दोन्हींचे कारण एकच : रेघ कुठे पडते.

शेती आणि शेतकरी

हे सारे परके वाटत असेल तर जरा मराठी शब्द मोठ्याने म्हणून पाहावेत. 'शेत' म्हणताना शेवटी त् ऐकू येतो, एकच खंड. त्याला 'ई' लावा : शे-ती. त पुढे गेला. त्याला 'करी' लावा : शेत-करी. त जागीच राहिला. 'देव' पासून दे-वी, पण देव-पण. 'गाव' पासून गा-वात, पण गाव-की. नियम तोच आहे. आपल्याला तो दिसत नाही, कारण देवनागरीत प्रत्येक व्यंजनाच्या पोटात 'अ' गृहीत असतो आणि 'शेतकरी' लिहिताना त पाय मोडल्याशिवायच उभा राहतो.

मुद्रितशोधकाला मात्र हे ठाऊक असते. ओळीच्या शेवटी 'शे-तकरी' किंवा 'बाजा-रभाव' असे तुकडे पडले की हात आपोआप लाल शाईकडे जातो. तसे का जातो हे वीस वर्षांत मी स्वतःला कधी विचारले नव्हते. उत्तर एका परक्या भाषेने दिले.

प्रत्यय लिंगही ठरवतो, हेही आपल्या ओळखीचे. चांगुलपणा तो, सुंदरता ती, मनुष्यत्व ते. डच भाषेत आज व्यवहारात दोन गट उरले आहेत. 'डे' हे उपपद घेणारे आणि 'हेट' घेणारे. हैट आणि इंग लागलेली नामे 'डे' गटात जातात, सल लागलेली 'हेट' गटात. स्खप तेवढा दोन्ही दगडांवर पाय ठेवतो : व्रींटस्खप 'डे', पण लंटस्खप, म्हणजे भूप्रदेश किंवा त्याचे चित्र, 'हेट'. हा लंटस्खप डच चित्रकारांबरोबर इंग्रजीत गेला आणि 'लँडस्केप' झाला. आपल्या कलाशाळांतली मुले रंगपेटी घेऊन लँडस्केप करायला बाहेर पडतात तेव्हा एक डच नामप्रत्यय त्यांच्या तोंडी असतो.

शब्द होते, प्रत्यय झाले

हैट, स्खप आणि डॉम हे एके काळी स्वतंत्र शब्द होते. हैटचे मूळ 'रीत, प्रकार, दर्जा' अशा अर्थाचे. स्खपचे नाते घडवणे, निर्माण करणे या अर्थाच्या धातूशी. डॉम म्हणजे निवाडा, स्थिती. इंग्रजीतला 'डूम' त्याचाच भाऊ. म्हणजे स्खपला शब्द समजण्यात माझी चूक हजारेक वर्षांनी उशिरा झाली, इतकेच. याउलट 'अर' आणि 'आर' हे लॅटिन 'आरियुस'वरून आलेले, आणि 'ऐ' फ्रेंचमधून. ते डच भाषेत आले तेच शेपूट म्हणून.

या इतिहासाची साक्ष एक अपवाद देतो. 'अख्तख' हा विशेषणाचा प्रत्यय, अर्थ 'सारखा, -सर'. 'रोट' म्हणजे लाल, तर रोट-अख्तख म्हणजे लालसर. प्रत्यय स्वराने सुरू होतो, तेव्हा त्याने टला ओढून घ्यायला हवे, एक 'ओ' गळायला हवा आणि ट मृदू होऊन ड व्हायला हवा. लाल या विशेषणाचे 'रो-डे' असे रूप होते तेव्हा नेमके तसेच होते. पण लालसरमध्ये यातले काहीही घडत नाही. दोन 'ओ' कायम, ट कठोर, आणि रेघ प्रत्ययाच्या आधी. कारण या प्रत्ययाच्या आरंभी पूर्वी 'ह' होता; जर्मनमध्ये तो 'हाफ्ट' असा अजून आहे. फ्ट या जोडाक्षराचा डचमध्ये ख्त होतो, म्हणून रूप बदलले. ह गळाला, पण त्याने राखलेली जागा गेली नाही. माणूस घर सोडून जातो आणि शेजारी अनेक वर्षे त्या घराला त्याच्याच नावाने ओळखतात, तसे हे आहे.

कान आणि अर्थ

तर शब्द तोडताना दोन पंच आहेत. एक कान, दुसरा अर्थ. बहुतेक वेळा दोघांचा निर्णय एकच येतो. जिथे येत नाही तिथे डच नियम क्रम लावतात : सामासिक शब्द असेल तर आधी जोड पाहा. 'आवंट-एते' (संध्याकाळचे जेवण) असेच तोडायचे, कानाला 'आवं-टेते' ऐकू आले तरी. मग उपसर्ग, मग व्यंजनी प्रत्यय, आणि या साऱ्यांतून जे उरेल ते कानाच्या हवाली. शिवाय एकटे अक्षर ओळीत मागे ठेवायचे नाही, हा छापखान्याचा शिष्टाचारही नियमात आहे.

सर्वांत मजेदार भांडण लघुत्ववाचक प्रत्ययाचे. डच माणसाला प्रत्येक गोष्ट लहान करण्याची भारी हौस. हा शब्द मुद्दाम वापरला, कारण जवळपास 'हौस' असाच उच्चार असलेला डच शब्द म्हणजे घर. छोटे घर म्हणजे 'हौस' अधिक 'ये'. बोलताना स आणि य एकजीव होऊन 'हौ-श्ये' ऐकू येते. कागदावर मात्र रेघ पडते हौस-ये अशीच. इथे कान हरला.

'ओमा' म्हणजे आजी. लाडाने 'ओमाच्ये'. लिहिताना ओमातला शेवटचा 'ए' दोनदा लिहितात, कारण एकच लिहिला तर कोणी 'ओमट' नावाच्या वस्तूचे लघुरूप समजेल. पण हाच शब्द ओळीच्या शेवटी तोडला की जास्तीचा 'ए' नाहीसा होतो. आधीच्या ओळीत 'ओमा' आपल्या मूळ स्पेलिंगने उभी राहते आणि प्रत्यय खालच्या ओळीत जातो. रेघ आली, संशय मिटला, पहारेकऱ्याची गरज उरली नाही.

आणि काही वेळा रेघेशिवाय अर्थच लागत नाही. 'बल' (चेंडू) याचे लघुरूप आणि 'बलेट' (नृत्यप्रकार) याचे लघुरूप, दोन्हींचे स्पेलिंग अक्षरशः एकच. चेंडूत प्रत्यय 'एच्ये' आहे, नृत्यात नुसता 'ये'. आघात वेगळा, रेघेची जागा वेगळी. 'डिप्लोमाच्ये' तर त्याहून अवघड : छोटी पदविका की छोटा राजदूत? पदविकेचे तुकडे 'डिप्लोमा' आणि 'च्ये', राजदूताचे 'डिप्लोमाट' आणि 'ये'. सलग लिहिलेल्या शब्दावरून सांगता येत नाही. सामासिक शब्दांत 'क्वार्टस्लाखे' हा असाच : 'क्वार्ट' अधिक 'स्लाखे' म्हटले तर पाव वळसे, 'क्वार्ट्स' अधिक 'लाखे' म्हटले तर स्फटिकाचे थर. ह्यूगो ब्रांट कोर्स्टियस (१९३५-२०१४) हे संगणकीय भाषाशास्त्रातले डच अभ्यासक. 'बाटुस' या टोपणनावाने त्यांनी १९८१ साली भाषेतल्या असल्या करामतींचे एक जाडजूड पुस्तक काढले. हसत हसत भाषेचे हाड दाखवणारे असे पुस्तक आपल्याकडेही यायला हवे.

संगणकाची इथे गाठ पडते. १९८३ साली स्टॅनफर्डमध्ये फ्रँक लियांग यांनी शब्द तोडण्याच्या संगणकीय पद्धतीवर प्रबंध लिहिला. त्याच्या शीर्षकातले शब्दही रेघा देऊन तोडलेले आहेत. अक्षरांच्या छोट्या छोट्या जुळण्या पाहून रेघेची जागा ठरवायची, अशी ती पद्धत. इंग्रजीसाठी ४,४४७ जुळण्या पुरल्या. पुढे डचसाठीही अशा जुळण्या तयार झाल्या. हजारो शब्द यंत्र बिनचूक तोडते. पण 'डिप्लोमाच्ये' समोर आला की त्याला वाक्याचा अर्थ कळल्याखेरीज उत्तर देता येत नाही, आणि नुसत्या अक्षरांत तो अर्थ नसतो.

सरकारने चोराला दिलेला परवाना

माझ्यासारख्या जुने कागद वाचणाऱ्याला आणखी एक खाच माहीत असावी लागते. अक्षरचोर आज जितका मोकळा हिंडतो तितका पूर्वी हिंडत नसे. १८६०च्या दशकात डे व्ह्रीस आणि टे विंकेल या विद्वानांनी जी लेखनपद्धती बसवली, तिच्यात उघड्या खंडातही काही शब्दांत दोन 'ओ' किंवा दोन 'ई' राहत. कुठे राहतील हे शब्दाच्या व्युत्पत्तीवरून ठरे. त्यामुळे 'कोप' (विकत घेणे) पासून झालेला 'कोपर', म्हणजे गिऱ्हाईक, दोन 'ओ'ने लिहीत. आणि तांबे या अर्थाचा 'कोपर' एका 'ओ'ने. १९३४ साली शिक्षणमंत्री मार्शांट यांनी शाळांसाठी नवी पद्धत आणली, दुसऱ्या महायुद्धानंतर ती नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये अधिकृत झाली. मुलांचा त्रास वाचला. पण गिऱ्हाईक आणि तांबे एका स्पेलिंगचे झाले.

डच कंपनी जपानचे तांबे हिंदुस्थानात आणून विकत असे. तिच्या व्यापाराविषयी आजच्या लेखनात लिहिलेले काही वाचताना 'कोपर' दिसला की मी थांबतो. तांबे आले की गिऱ्हाईक आले? वाक्यच सांगेल. सतराव्या शतकातल्या मूळ कागदांत तर ठरलेले लेखन नव्हतेच. तिथे प्रत्येक कारकुनाची वेगळी रीत. 'कोपमनस्खपे'च्या आरंभी आज 'के' लिहितात, ते कारकून बहुधा 'सी' लिहीत.

आज या साऱ्याचा अधिकृत आधार म्हणजे 'हिरवी पुस्तिका'. हिरव्या मुखपृष्ठामुळे हे नाव पडले. ती प्रथम १९५४ साली निघाली. १९८०च्या करारान्वये नेदरलँड्स आणि बेल्जियम यांनी भाषेसाठी एक समाईक संस्था स्थापली, आणि १९९५ व २००५ साली पुस्तिकेच्या सुधारलेल्या आवृत्त्या आल्या. तिच्यात नुसते स्पेलिंग नसते, शब्द कुठे तोडायचा त्या जागाही दाखवलेल्या असतात. हे पाहिले तेव्हा माझ्यातला मुद्रितशोधक हळहळला. मराठीत शुद्धलेखनाच्या नियमांवर आपण जितके भांडलो, त्याच्या शतांशानेही शब्द कुठे तोडावा याचा विचार केला नाही. आता मोबाइलच्या अरुंद पडद्यावर मराठी मजकुराच्या ओळी यंत्रच तोडते. त्याला शेती आणि शेतकरी यांतला फरक कोणी सांगितला आहे का?

दुरुस्ती

चूक कळली ती योगायोगाने. दोन वर्षांनी 'कोपमनस्खप' हा शब्द एका ओळीच्या मधोमध, अखंड, भेटला. वाक्य मिरी, कापड, साखर अशा मालाचे होते. तिथे जहाज बसेना. मोठा कोश पाहिला आणि कान तापले. त्याच मासिकाला चार ओळींची दुरुस्ती पाठवली. ती छापून आली, पण जाहिरातीच्या खाली. प्राध्यापक महाशयांना पत्र लिहिले. त्यांचे मोठ्या मनाचे उत्तर आले. तरीही ते वाक्य अजून कुठे कुठे फिरत असणार. छापलेले परत घेता येत नाही, हे मला तरी कोणी शिकवायला नको होते.

तेव्हापासून नवा डच शब्द भेटला की मी आधी त्याचे शेपूट पाहतो, आणि पेन्सिलीने एक उभी रेघ देतो. मूळ शब्द अखंड उभा आहे की त्याचे शेवटचे व्यंजन प्रत्ययाने ओढून नेले आहे, एवढे कळले की अर्धा अर्थ हातात येतो.

ही सवय घरच्या शब्दांनाही लागली. वलंदेज हा शब्द आपण पोर्तुगिजांकडून घेतला. त्यांच्या भाषेत डच माणूस 'ओलांदेश', इंग्लंडचा माणूस 'इंग्लेश'. त्यातला 'एश' हा त्या त्या देशाचा रहिवासी सांगणारा प्रत्यय. म्हणजे 'वलंदेज'मधला 'एज' आणि 'इंग्रज'मधला 'अज' ही दोन्ही एकाच पोर्तुगीज प्रत्ययाची रूपे. तीनशेहून अधिक वर्षे आपण ती उच्चारतो आहोत आणि तिथे रेघ द्यायचे आपल्या कधी मनात आले नाही. वलंद-एज म्हणावे की वलं-देज? अर्थ विचाराल तर पहिले. कान मात्र दुसरे म्हणतो, कारण प्रत्यय स्वराने सुरू होतो आणि त्याने शेजारचा द केव्हाच आपल्याकडे ओढून घेतला आहे.